ऑपरेशन झालं, आता घरी न्यायचं कसं?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

डिस्चार्जच्या दिवशी गाडी कोणती करायची, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रं या वेळी घेतली आहेत. उत्तरं हाडांच्या वॉर्डातल्या परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि ॲम्ब्युलन्सवर काम करणारे मिळून देतात. तुमच्या डॉक्टरांनी कार्डावर काही वेगळं लिहून दिलं असेल, तर आधी ते पाळा.

प्रश्न : आई ७० वर्षांची आहे. अंगणात घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि सांधा बदलावा लागला. पाचव्या दिवशी सोडतो म्हणतात. दवाखाना कोल्हापुरात, गाव साळवणच्या पुढं, गगनबावडा रस्त्याला. माझ्याकडं ऑल्टो आहे, चुलत्यांची बोलेरो आहे. शेजारी म्हणतात, भानगड नको, ॲम्ब्युलन्सच करा. काय करू?

गाडीचा विचार जरा बाजूला ठेवा आणि आई आज वॉर्डात खुर्चीवर सलग किती वेळ बसतात ते बघा. वॉकर धरून दहा-पंधरा पावलं चालता येतात, स्वतः खुर्चीवर बसता-उठता येतं आणि तासभर बसून चक्कर येत नाही, इतकं जमत असेल तर त्यांना बसवूनच न्या. ॲम्ब्युलन्सचा स्ट्रेचर मागच्या चाकांच्या वर असतो. प्रत्येक खड्डा आणि स्पीडब्रेकर तिथं जास्त आदळतो. त्यापेक्षा कारच्या पुढच्या सीटवर बसलेल्या माणसाला कमी हिसके बसतात. खुर्चीवर दहा मिनिटांत घाम फुटत असेल, उठताना डोळ्यांपुढं अंधारी येत असेल, तर मात्र शेजाऱ्यांचं ऐका.

ऑल्टो नको आणि बोलेरोही नको. ऑल्टोत बसताना माणूस खाली खाली जातो, गुडघे खुब्यापेक्षा वर येतात आणि खुबा काटकोनापेक्षा जास्त दुमडतो. पाठीमागून चीर घेऊन बदललेला सांधा निखळतो तो नेमका याच स्थितीत. वाकून दुमडलेला, त्यात आत वळलेला. बोलेरोत उलटी अडचण आहे. पायरीवर चढून वर जायला ऑपरेशनच्या पायावर किंवा हातांवर सगळा भार येतो. वॅगनआर किंवा अर्टिगासारखी, बसायची जागा साधारण खुर्चीच्या उंचीला येणारी आणि दार मोठं उघडणारी गाडी बघा. भावकीत कुणाकडं ना कुणाकडं असतेच. चीर पुढून घेतली असेल तर बंधनं वेगळी असतात, हे सर्जनना आठवणीनं विचारा.

पुढची डावी सीट शेवटपर्यंत मागं सरकवा आणि पाठ थोडी कलती करा. पाठ कलली की खुब्याचा कोन आपोआप मोकळा होतो. गाडीच्या सीटा मागच्या बाजूला खोलगट असतात, तो खोलगटपणा भरून काढायला दोन-तीन इंचांची घट्ट घडी लागते. सतरंजी किंवा जाड चादर चालेल, फोमची उशी नको, ती वजनानं दबून पुन्हा खड्डाच होतो. घडीवर कापडाच्या दुकानात मिळते तसली गुळगुळीत प्लास्टिकची मोठी पिशवी अंथरा.

गाडी सपाट जागी आणि फूटपाथपासून हातभर लांब लावा. बहुतेक जण इथंच चुकतात. जवळ पडेल म्हणून गाडी फूटपाथला चिकटवतात. मग पेशंट उंचावर उभा राहतो आणि सीट त्याच्या मानानं आणखी खाली जाते.

आता बसवायचं. दार पूर्ण उघडा. आई गाडीकडं पाठ करून, वॉकरसह मागं मागं सरकतील आणि पोटऱ्या गाडीला टेकल्या की थांबतील. ऑपरेशनचा पाय पुढं सरळ. एक हात सीटच्या पाठीवर, दुसरा डॅशबोर्डवर. दाराला धरू देऊ नका, दार हलतं. आधी बूड टेकवायचं, डोकं छताला लागत नाही ना ते बघायचं, मग मागं रेलून ड्रायव्हरच्या सीटकडं सरकायचं. तुम्ही खाली वाकून दोन्ही पाय पोटरी आणि टाच अशा दोन ठिकाणी धरा. पाय आणि धड एकदमच आत वळलं पाहिजे. धड आधी फिरलं आणि पाय बाहेर राहिला की कमरेत पीळ पडतो. बसवून झाल्यावर पिशवी ओढून काढा. ती तशीच राहिली तर पहिल्या ब्रेकला आई पुढं घसरतील. दोन गुडघ्यांच्या मधे लहान उशी द्या, म्हणजे डुलकी लागली तरी पायावर पाय जाणार नाही. पट्टा लावायचाच. वॉकर सगळ्यात शेवटी डिकीत टाका, उतरताना तो सगळ्यात आधी लागतो.

निघण्याआधी अर्धा-पाऊण तास वेदनाशामक गोळी द्यायची का, हे सिस्टरांना विचारून घ्या. लघवीला नेऊन आणा. पोटभर जेवण नको. वाटेत कळे गावाच्या आसपास गाडी थांबवून दोन-तीन मिनिटं वॉकर धरून उभं करा. बसल्या जागी दर पंधरा मिनिटांनी पावलं वर-खाली दहा-वीस वेळा हलवायला लावा, पोटरीतलं रक्त साचून गाठ होऊ नये म्हणून. घरी पोचल्यावर, किंवा पुढच्या काही आठवड्यांत कधीही, एकच पोटरी सुजली आणि दुखू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर वाट न बघता १०८.

वेळेबद्दल थोडं. सकाळच्या राउंडला डॉक्टर ‘आज सोडतो’ म्हणतात आणि माणसं लगेच गाडी बोलावतात. फाईल पूर्ण होणं, उरलेली औषधं परत करणं, बिल, विम्याची मंजुरी यात दुपार जाते. कॅशलेस विमा असेल तर दवाखान्याची मागणी गेल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी द्यावी, असा विमा नियामकाचा २०२४ चा नियम आहे. त्या हिशोबानं मंजुरी आली की मगच गाडीवाल्याला फोन करा. चार वाजून गेले आणि गळीत हंगाम चालू असेल, तर त्या रात्री तिथंच राहून सकाळी निघालेलं बरं. अंधारात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, त्यातल्या निम्म्यांना मागं दिवाही नसतो, आणि त्यांच्यामागून करकचून मारलेले ब्रेक नव्या खुब्याला सोसत नाहीत. पावसाळा असेल तर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. गगनबावडा रस्त्यावर मांडुकलीला पाणी आलं की ना पुढं जाता येतं ना मागं. पातळी चढती असेल तर डिस्चार्ज एक-दोन दिवस पुढं ढकलायला डॉक्टर सहसा नाही म्हणत नाहीत, किंवा कोल्हापुरातल्या पाहुण्यांकडं थांबा.

आणि दारात पोचल्यावर : भाकरतुकडा ओवाळायला हरकत नाही, पण आईंना उंबऱ्याबाहेर ताटकळत उभं करू नका. हात असलेली उंच खुर्ची बाहेर आणून बसवा, मग ओवाळा. पायावर पाणी मात्र घालू नका. वॉकरचे रबरी बूच ओल्या फरशीवर सटकतात आणि टाके भिजले तर तेही वाईट. सोप्यातच कॉट लावा, तिची उंचीही गाडीच्या सीटसारखीच खुर्चीएवढी बघा, आणि भारतीय बैठकीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आई यायच्या आधी घरात आलेली असू दे.

प्रश्न : कोल्हापुरात शिवाजी पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही, जिना अरुंद. वडील ७६ वर्षांचे, मांडीच्या हाडात रॉड घातला आहे. सहा आठवडे तो पाय टेकवायचा नाही. ॲम्ब्युलन्सवाले म्हणतात, बोळाच्या तोंडापर्यंत आणतो, वर चढवणं आमच्याकडं नाही.

ॲम्ब्युलन्सवाल्याचं चुकलं नाही. साध्या ॲम्ब्युलन्सवर बहुतेकदा एकटा ड्रायव्हर असतो. वर चढवायला माणसं हवीत, हे ठरवतानाच सांगावं लागतं आणि त्याचे पैसे वेगळे होतात.

जुन्या घरांच्या जिन्याला स्ट्रेचर वळणावर अडकतो, तेव्हा खुर्चीच कामाची. प्लास्टिकची नको, तिचे पाय फाकतात. चाकाचीही नको. लाकडी किंवा लोखंडी, बिनहाताची, पाठ उंच आणि सांधे पक्के असलेली घ्या. आदल्या दिवशी रिकामी खुर्ची वर नेऊन बघा, मग तिच्यात तालमीतलं एखादं पोरगं बसवून पुन्हा न्या. कुठल्या वळणावर कोपर घासतं, मीटरची पेटी कुठं आडवी येते, हे तेव्हाच कळतं. पेठेत चार धडधाकट पोरं गोळा करायला पाच मिनिटं पुरतात, फक्त त्यांना आधी समजावून सांगा. जोर सगळ्यांकडं असतो, घाईच नडते.

वर चढताना खुर्चीची पाठ वरच्या बाजूला आणि वडिलांचं तोंड जिन्याच्या खालच्या दिशेला. (खाली उतरवतानाही तोंड खालीच.) एक जण वर उभा राहून खुर्चीची पाठ धरतो, दुसरा खाली पुढचे दोन पाय धरतो. खुर्ची मागं कलती ठेवायची. भार खालच्यावर जास्त येतो आणि वरच्याला वाकून उचलावं लागतं, म्हणून दोघंही तयारीचे हवेत. तिसरा खालच्याच्या मागं, त्याच्या कमरेला हात लावून. चौथा सगळ्यांच्या पुढं, बॅटरी घेऊन आणि दारं उघडत. छातीला आणि मांड्यांना एकेक ओढणी बांधा, जखमेच्या जागेवरून नाही. ऑपरेशनचा पाय लोंबकळू द्यायचा नाही. गुडघा वाकवायला परवानगी असेल तर वाकवून खालच्या फळीवर टेकवा. ब्रेस लावून सरळ ठेवायला सांगितलं असेल तर पाय धरायला आणखी एक माणूस लागेल आणि वळणावर जागाही जास्त लागेल. वडिलांचे हात मांडीवर किंवा छातीशी. हे त्यांना तीनदा सांगा. तोल गेल्यासारखं वाटलं की माणूस कठडा पकडतो आणि मग सगळी वरातच कोसळते. ‘उचला’ आणि ‘ठेवा’ एकानंच म्हणायचं. प्रत्येक मजल्यावर खुर्ची चारही पायांवर टेकवून दम घ्या.

पण आम्हाला वाटतं, वर नेण्याआधी फेऱ्या मोजा. टाके काढायला बाराव्या-चौदाव्या दिवशी खाली-वर. सहा आठवड्यांनी एक्स-रेला पुन्हा खाली-वर. मधे ताप आला, टाक्यातून पाणी आलं तर आणखी. कुणा पाहुण्यांकडं तळमजल्यावर एखादी खोली दीड महिन्यासाठी मिळत असेल, तर मान-अपमान बाजूला ठेवून ती घ्या. ते जमणार नसेल तर निदान टाके घरी येऊन काढायची सोय होते का ते दवाखान्यात विचारा.

गणपती आणि शिवजयंतीच्या मिरवणुकांच्या दिवशी पेठांतले रस्ते दुपारपासूनच बंद होतात. त्या दिवसाचा डिस्चार्ज मागून घेऊ नका.

प्रश्न : डिस्चार्जला १०८ लावली, तर ‘घरी सोडायला येत नाही’ म्हणाले. मग ही सेवा कुणासाठी? खासगी गाडीवाले गारगोटीला जायचे वाट्टेल तेवढे सांगतात. सरकारकडून काही मिळतं का?

१०८ ची सेवा राज्यात २०१४ पासून आहे आणि ती फक्त तातडीच्या पेशंटसाठी आहे. गाडीत डॉक्टर असतो. ती तुम्हाला सोडायला गारगोटीला गेली, तर तेवढा वेळ आपल्या भागातल्या अपघाताला किंवा हार्ट ॲटॅकला गाडी नाही. तेव्हा नकार रास्त आहे. घरी पोचल्यावर पेशंट बिघडला तर मात्र हाच नंबर लावायचा.

१०२ वेगळी. सरकारी दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईला, सिझेरियन असलं तरी, बाळासह घरापर्यंत मोफत सोडणं हा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाचा भाग आहे. २०११ पासून आहे, तरी अजून कित्येक जण सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्याच्या, दारातून पदरचे पैसे घालून रिक्षा करतात. आदल्या दिवशीच वॉर्डातल्या सिस्टरांना सांगून ठेवा.

ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत झालं असेल, तर दवाखान्यातून घरापर्यंतचं एका वेळचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं पॅकेजमध्येच धरलेलं असतं. योजनेच्या टेबलावर बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा. रक्कम लहान असते, त्यात ॲम्ब्युलन्स भागत नाही, पण हक्काची आहे. एसटीनं जाण्याजोगी तब्येत असेल तर ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाला आणि सगळ्या वयाच्या महिलांना निम्मं तिकीट.

खासगी ॲम्ब्युलन्सचे कमाल दर गाडीच्या प्रकारानुसार प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ठरवतं. आरटीओ कार्यालयात विचारता येतात. भांडण मात्र दरावरून कमी आणि न बोललेल्या गोष्टींवरून जास्त होतं. गारगोटी ५० किलोमीटर असं तुम्ही धरता, गाडीवाला जाऊन-येऊन १०० धरतो, आणि व्यवहार तसाच असतो. दवाखान्याच्या दारात थांबावं लागलं तर तासाचे किती, रात्रीचा दर वेगळा आहे का, एसी, ऑक्सिजन, मदतनीस वेगळे का, हे फोनवर बोलून मग त्यालाच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायला सांगा. टोलचे पैसे मागितले तर देऊ नका, राष्ट्रीय महामार्गावर ॲम्ब्युलन्सला टोल माफ आहे.

आणि प्रकार समजून घ्या. नुसती पेशंट नेणारी गाडी, प्राथमिक जीवरक्षक सोय असलेली, आणि व्हेंटिलेटर-मॉनिटर असलेली, जिला सगळे ‘कार्डिॲक’ म्हणतात. घरी जाणाऱ्या बहुतेक पेशंटला पहिली पुरते. ‘रिस्क नको’ म्हणत तिसरी गळ्यात मारतात, तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा, वाटेत मॉनिटर लागणार आहे का?

तालमी, मंडळं, पतसंस्था, साखर कारखाने यांच्या ॲम्ब्युलन्स आपल्याकडं गावोगाव आहेत. डिझेल आणि ड्रायव्हरचा भत्ता एवढ्यावर काम होतं. त्या आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवाव्या लागतात. अशी गाडी आली की आत चढून स्ट्रेचर जोरात हलवून बघा. खालचं लॉक बसत नसेल तर घाटात तो दारावर जाऊन आदळतो. पट्टे दोन तरी हवेत, छातीला आणि मांड्यांना. पट्टे नसतात असं फार वेळा होतं.

प्रश्न : वडिलांचं पुण्यात मेंदूतल्या रक्तस्रावाचं ऑपरेशन झालं. आता अंथरुणालाच आहेत. नाकात नळी, लघवीची नळी आणि २ लिटर ऑक्सिजन. त्यांना गडहिंग्लजला घरी न्यायचं आहे. सिलिंडर एक पुरेल का? वाटेत काय काळजी घ्यावी?

तीनशेच्या आसपास किलोमीटर आहेत. रस्त्याची कामं आणि थांबे धरून सात-आठ तास समजा.

सिलिंडरचा हिशोब सोपा आहे. ॲम्ब्युलन्समधल्या बी टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असताना दीड घनमीटर, म्हणजे १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला २ लिटरनं ७५० मिनिटं, साडेबारा तास. ५ लिटर लागू लागला तर पाचच तास. म्हणून एकावर निघू नका, दोन भरलेले घ्या. काटा स्वतः बघा, भरलेला सिलिंडर १५० च्या जवळपास दाखवतो, ७५ म्हणजे अर्धा. सिलिंडर बदलायचा पाना गाडीत आहे का तेही बघा. दुसरा भरलेला सिलिंडर असून पाना नाही, ही तक्रार नेहमीची आहे.

गाडीत प्रशिक्षित परिचारक हवाच, कारण नाकात नळी असलेल्याला उलटी झाली की ती श्वासनलिकेत जाऊ शकते. घशातलं ओढून काढणारं सक्शन मशीन चालू करून दाखवायला सांगा. नळीतून दिलेलं शेवटचं खाणं निघण्याच्या निदान तासभर आधी संपलेलं असावं, आणि वाटेत थोडं थोडं, गाडी थांबवून. डोक्याकडची बाजू साधारण ३० अंश उंच ठेवायची. सपाट झोपवायचं नाही. दर दोन तासांनी गाडी थांबवून कुशीवर वळवा. माकडहाडाशी आणि टाचांशी कातडी लाल झाली आहे का ते बघा. दाबल्यावरही पांढरी न पडणारी लाली म्हणजे तिथं जखम व्हायला सुरुवात झाली.

लघवीची पिशवी निघताना रिकामी करा. ती नेहमी कमरेच्या खाली, पण गाडीच्या फरशीवर पडलेली नको. स्ट्रेचरच्या खालच्या दांडीला अडकवा आणि नळी पट्ट्याखाली चिमटली नाही ना ते पाहा. उचलताना सोयीचं म्हणून कुणीतरी पिशवी पेशंटच्या पोटावर ठेवतं आणि ती तशीच राहते. साचलेली लघवी परत आत जाऊन जंतुसंसर्ग होतो. दोन तासांत पिशवीत थेंबही आला नाही तर नळी कुठं दुमडली ते शोधा, सापडलं नाही तर परिचारकाला सांगा.

पहाटे पाच-सहाला निघा. दुपारपर्यंत पोचलात तर गावातले डॉक्टर उजेडी येऊन बघून जातील. सातारा, कराड, कोल्हापूर इथं तातडीची वेळ आली तर कुठल्या दवाखान्यात शिरायचं, हे निघण्याआधी कागदावर लिहून ड्रायव्हरला द्या. डिस्चार्ज कार्ड, शेवटचा सीटी स्कॅन आणि औषधांची यादी डिकीतल्या बॅगेत नको, सोबत बसणाऱ्याच्या हातात हवी.

घराची तयारी पुण्यातून निघायच्या आदल्या दिवशीच पुरी झालेली असावी. डोकं वर करता येणारी कॉट, हवेची गादी, आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणून तासभर चालवून पाहिलेला. कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो. लाइट गेली की बंद. म्हणून एक भरलेला सिलिंडर घरातही लागतोच, आणि तो लावायला येणारं माणूसही.

प्रश्न : हैदराबादला पडद्याचं (रेटिनाचं) ऑपरेशन झालं. डोळ्यात गॅस भरला आहे. परतीचं विमानाचं तिकीट चार दिवसांनंतरचं काढून ठेवलं आहे. चालेल का?

नाही. तिकीट रद्द करा. विमान वर गेलं की केबिनमधला दाब कमी होतो, डोळ्यातला गॅस फुगतो, डोळ्यातलं प्रेशर वाढतं आणि नजर कायमची जाऊ शकते. एसएफ६ गॅस साधारण दोन आठवडे राहतो, सी३एफ८ आठ आठवड्यांपर्यंत. नक्की कधी गेला हे डॉक्टरच तपासून सांगतील. ट्रेननं किंवा कारनं या. हैदराबाद आणि कोल्हापूर जवळपास सारख्याच उंचीवर आहेत, त्यामुळं रस्त्यानं यायला तशी अडचण नाही, पण गॅस असेपर्यंत महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका. मान खाली घालून राहायला सांगितलं असेल तर मागच्या सीटवर पट्टा लावून बसा, मांडीवर दोन उशा रचा आणि त्यावर कपाळ टेका. डोळ्यावर भार येऊ द्यायचा नाही. गॅस भरल्याचा मनगटी पट्टा दिला असेल तर तो काढू नका. मधल्या काळात दुसरं काही ऑपरेशन निघालं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना तो दिसायला हवा, कारण नायट्रस ऑक्साइडनंही हा गॅस फुगतो.

प्रश्न : इचलकरंजीहून कोल्हापूरला हर्नियाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला जाणार आहे. सकाळी दाखल, संध्याकाळी घरी. एकटाच असतो. बाईकनं जाऊन बाईकनंच परत यावं म्हणतो. नाहीतर वडाप आहेच.

बाईक नेऊच नका. पूर्ण भूल किंवा गुंगीचं इंजेक्शन घेतल्यावर २४ तास कुठलंही वाहन चालवायचं नाही. तुम्हाला ठणठणीत वाटेल, पण अचानक ब्रेक मारायला पाय वेळेवर पडणार नाही आणि पडला तर पोटात अशी कळ जाईल की हँडल सुटेल. मागं बसूनही येऊ नका. सोबत जाणतं माणूस नसेल तर बरेच दवाखाने डे-केअरचा डिस्चार्जच देत नाहीत, आणि पहिली रात्र घरात कुणीतरी हवंच. भाऊ, मित्र, कारखान्यातला जोडीदार, ज्याला जमेल त्याला आधीच सांगा.

वडापमध्ये दाटीवाटीत कुणाचं तरी कोपर नेमकं टाक्यांवर येतं. कार किंवा पूर्ण रिक्षा ठरवून या. कारमध्ये पोटावर लहान उशी ठेवा आणि पट्टा तिच्यावरून घ्या, खालचा पट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर. खोकला किंवा शिंक आली तर तीच उशी दोन्ही हातांनी पोटाशी दाबून धरा. निघण्याआधी लघवी झाली पाहिजे. हर्नियानंतर ती तुंबणं नेहमीचं आहे, आणि इचलकरंजीला पोचल्यावर रात्री अकराला नळी घालायला धावपळ करण्यापेक्षा दवाखान्यात तासभर जास्त बसलेलं परवडतं.